बसऱ्याची बाधा, देवळालीचा ताप

पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा, पण वाचा.

गेल्या महिन्यात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. नवलाख उंबऱ्याच्या आसपासच्याच एका वाडीतला माजी सैनिक, नाव सांगत नाही. दुपारी खाणीवर सुरुंग उडाला आणि हा माणूस चालता चालता रस्त्याकडेच्या चारीत पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर. दहा मिनिटं उठलाच नाही. कुणीतरी मोबाईलवर काढलं आणि खाली लिहिलं, 'फौजीला येरवड्याला पाठवा रे.' मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत एक चेहरा माझाही होता.

दोन दिवसांनी त्याची बायको घरी आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही इतिहासाचं लिहिता, इंग्रजी वाचता. एवढं बघून सांगा, यात काय म्हटलंय." व्हिडिओचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

त्या कागदांकडे नंतर येतो. आधी 'येरवड्याला पाठवा' या आपल्या लाडक्या वाक्याबद्दल. पुण्याकडे आपण येरवडा म्हणतो, मुंबईकर ठाणे म्हणतात, कारण दोन्हीकडे मनोरुग्णालयं. गावाचं नावच शिवीसारखं वापरायचं. इंग्रजांनीही हेच केलं आणि गाव निवडलं तेही महाराष्ट्रातलं, नाशिकजवळचं देवळाली.

इंग्रजी बोलण्यात आजही डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. जुना पूर्ण शब्द 'डुलाली टॅप'. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. अंगात असतो तो ताप. देवळालीला गोऱ्या सैनिकांची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपली की सैनिकाला तिथे आणून ठेवायचे आणि जहाज आलं की मुंबईहून मायदेशी धाडायचे. पण सैनिकांची जहाजं साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटायची. शेवटचं जहाज चुकलं की पुढचा हंगाम येईपर्यंत बसून राहा. कवायत नाही, काम नाही, वर उन्हाळा, सोबत दारू, मलेरिया आणि गुप्तरोग. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायाने, तो अधिकारी नव्हता हे महत्त्वाचं, १९३६ साली हिंदुस्थानातल्या आपल्या नोकरीवर पुस्तक लिहिलं. वर्षानुवर्षं नीट नोकरी केलेली माणसं या वाट बघण्यात कशी विचित्र वागायला लागायची, ते त्यात आहे. म्हणजे गोळी न लागता, तोफ न ऐकता, नुसत्या थांबण्याने माणसं मोडायची.

पुढे हा शब्द विनोदाचाच झाला. बीबीसीने १९७४ पासून देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिका काढली, ती काही वर्षं चालली.

पण एक गोष्ट बघा. गोऱ्या सैनिकाचं डोकं फिरलं तर त्याला जायला जागा होती. इंग्लंडात नेटली इथे लष्कराचं भलंमोठं इस्पितळ होतं आणि १८७० मध्ये त्याच्या आवारात मनोरुग्ण सैनिकांसाठी वेगळी इमारत बांधली होती. तिथे त्याची नोंद व्हायची. सोय चांगली होती की वाईट ते सोडा, त्याच्या आजारावरून भाषेत एक शब्द तरी राहिला. आता आपल्या माणसांचं काय झालं ते सांगतो.

माझ्या आजीचा एक चुलता बसऱ्याला गेला होता. आपल्याकडची जुनी माणसं मेसोपोटेमिया म्हणत नसत, बसरा म्हणत. पहिल्या महायुद्धात कुणी इराकच्या बाजूला गेला की तो 'बसऱ्याला गेला'. आजी लहान असताना तिने त्याला पाहिलेलं. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त भाकरी लपवायचा. जेवायला बसला की अर्धी भाकरी धोतराच्या सोग्यात जायची आणि मग ती कणगीमागे, गंजीत, गोठ्याच्या आढ्यात कुठेही सापडायची, बुरशी आलेली. घरात दाणा-गोटा भरपूर असतानाही हे चालायचं. आणि तो घरात झोपत नसे. थंडी असो, पाऊस असो, उंबऱ्याच्या बाहेर. घरच्यांनी देवऋषी केला, अंगारे-धुपारे केले, कार्ल्याच्या एकविरेला नेलं. निदान एकच होतं, बसऱ्याची बाधा. तिथल्या वाळवंटातलं काहीतरी सोबत आलंय. पुढे घरातल्या पोरींच्या सोयरिकी अडू नयेत म्हणून पाहुण्यांसमोर त्याचं नाव घेणं बंद झालं.

मला लहानपणी ही भुताची गोष्ट वाटायची. मी त्या युद्धावर वाचायला लागलो तेव्हा भाकरीचा अर्थ लागला.

१९१४ च्या नोव्हेंबरात बसऱ्याला उतरलेल्या फौजेचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. हो, पुणे. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या होत्या. जनरल टाउनशेंड त्यांना बगदादच्या दिशेने घेऊन गेला, टेसिफॉनला मार खाल्ला आणि मागे येऊन तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत या गावात अडकला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने वेढा. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजांची हजारो माणसं पडली, तरी वेढा फुटला नाही. आत धान्य संपत गेलं. घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांनी धर्मामुळे ते मांस बरेच दिवस नाकारलं. त्यांच्या वाट्याला मूठभर पीठ, त्यात रानातला पाला. शेवटी बऱ्याच जणांनी नाक मुठीत धरून घोडा खाल्ला. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या हाती लागली. तिथून पुढे वाळवंटातली पायपीट, रास अल-ऐनच्या रेल्वेवरची मजुरी, उपासमार, हगवण. हजारोंनी माणसं मेली. टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात आरामात राहिले.

जो त्यातून जिवंत परत येईल तो भाकरी लपवणार नाही तर काय करणार?

आणि उपचार? त्या आघाडीवर शरीराच्या उपचारांचेच धिंडवडे निघाले होते. टेसिफॉननंतर जखमींना उघड्या बोटींवर, गुरांसारखं, मलमूत्रात लडबडलेल्या अवस्थेत बसऱ्याला आणलं गेलं. मेजर कार्टर या डॉक्टरने त्यावर आवाज उठवला तेव्हा आधी त्यालाच दमात घेतलं. नंतर चौकशी आयोग बसला आणि १९१७ मध्ये त्याचा अहवाल इंग्लंडात गाजला. जिथे तुटलेल्या पायाला बांधायला फळी मिळत नव्हती तिथे मनाचं कोण विचारतो. जे मुंबईपर्यंत पोचले त्यांच्यासाठी इस्पितळं कमी पडली. आज आपण शाळेच्या सहलीला जिथे जातो ती मुंबईच्या म्युझियमची घुमटाची इमारतसुद्धा तेव्हा लष्करी इस्पितळ होती. पुण्याला येणारी गाडी तेव्हाही खंडाळ्याचा घाट चढून आपल्या वडगाव-तळेगाववरूनच जायची.

युरोपात याच सुमाराला या आजाराला नाव मिळालं. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'शेल शॉक' हा शब्द छापला. तोफगोळा जवळ फुटल्यावर अंगावर ओरखडा नाही, पण दिसेनासं झालं, आठवेनासं झालं, हात थरथरायचे थांबेनात. आधी वाटलं स्फोटाच्या हवेने मेंदू हलत असावा. मग कळलं, ज्यांच्या आसपास गोळा पडलाच नाही तेही असेच मोडतायत. नंतर मायर्सलाही आपलाच शब्द नकोसा झाला.

उपचार म्हणाल तर दोन टोकं होती. लंडनमध्ये यीलंड नावाचा डॉक्टर बोलणं बंद झालेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके द्यायचा, आवाज निघेपर्यंत. स्कॉटलंडात क्रेगलॉकहार्टला डॉ. रिव्हर्स अधिकाऱ्यांना समोर बसवून त्यांना काय दिसतं, काय स्वप्नं पडतात ते बोलतं करायचे. हे रिव्हर्स आधी आपल्या निलगिरीत येऊन तोडा लोकांचा अभ्यास करून गेलेले, पुस्तकही लिहिलेलं. म्हणजे ऐकून घ्यायची सवय जुनी. दोन रुग्णांतला फरक लक्षात घ्या, झटके शिपायाला, गप्पा अधिकाऱ्याला. आजाराची नावंही वेगळी. अधिकाऱ्याला झाला तर मज्जातंतूंचा थकवा, शिपायाला झाला तर हिस्टेरिया, ज्याला तेव्हा बायकी रोग मानायचे. अमेरिकेच्या डॉ. सामन यांनी १९१७ मध्ये या सगळ्याचा अभ्यास करून साधं सूत्र मांडलं. आघाडीच्या जवळच उपचार करा, लगेच करा आणि तू बरा होणार आहेस हे माणसाला कळू द्या. लष्करी मानसोपचार आजही बराचसा यावरच चालतो. त्यात एक अडचण आहेच. बरा होणं म्हणजे परत खंदकात जाणं.

ही सगळी चर्चा चालू असताना फ्रान्समध्ये हिंदी सैनिक होते. खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात पायदळासारखं पुढे घातलं आणि त्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इस्पितळात येणाऱ्या हिंदी जखमींपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या जखमा हाताच्या आहेत असं वरिष्ठांच्या लक्षात आलं. निष्कर्ष काय? घाबरले आहेत? मोडले आहेत? नाही. स्वतःच गोळी मारून घेतायत, कामचोर आहेत. काहींना कडक शिक्षा झाल्या. पुढे १९१५ मध्ये ब्रायटनच्या हिंदी इस्पितळाचा प्रमुख कर्नल ब्रूस सेटन याने १,००० जखमा एकेक करून तपासल्या आणि लिहून दिलं की असा काही पुरावा निघत नाही.

म्हणजे सेटन आपला वाली? थांबा. याच सेटनच्या इस्पितळाभोवती तारेचं कुंपण होतं, पहारा होता. बरे होणाऱ्या हिंदी माणसांना मोकळेपणाने बाहेर जाता येत नसे, अगदी हिंदी डॉक्टर-कर्मचाऱ्यांनाही. जगू गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जनने, आपल्याच मराठी माणसाने, या कोंडवाड्याला वैतागून सेटनवरच गोळी झाडायचा प्रयत्न केला. त्याला तुरुंगवास झाला. गोडबोले मोडला होता की चिडला होता, हे विचारायला कोणी रिव्हर्स त्याच्यासमोर बसला नाही.

हिंदी शिपायांचं मन वाचणारा एक माणूस होता, पण तो डॉक्टर नव्हता. त्यांच्या पत्रांचा सेन्सॉर एव्हलिन हॉवेल. शिपाई घरी काय लिहितात ते वाचणं त्याची नोकरी. त्याने आपल्या अहवालात नोंद केली की बरीच माणसं पत्रात कविता लिहायला लागली आहेत आणि हे मन बिघडल्याचं वाईट लक्षण आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. आता हसू येत नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेत आपल्या माणसाच्या मनाची नाडी बघणारा कोण, तर पत्रं फोडणारा कारकून. पत्रांत सर्वात मोठं गाऱ्हाणं होतं ते हे की जखम भरली की घरी न पाठवता परत खंदकात पाठवतात. १९१५ संपता संपता हिंदी पायदळ फ्रान्समधून हललं. कुठे गेलं? बरंचसं बसऱ्याला.

आता गावाकडे येऊ. महाराष्ट्रात कितीतरी गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, संगमरवराची छोटी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, पैकी इतके मेले. दिसली नसेल तर चुन्याचे थर खरवडून बघा, बऱ्याच ठिकाणी रंगाखाली गेली आहे. त्या पाटीवर दोन आकडे असतात. आजीचा चुलता पहिल्या आकड्यात आहे, दुसऱ्यात नाही. सरकारच्या हिशेबाने तो सुखरूप आला.

सिसिर सर्बाधिकारी नावाचा बंगाली तरुण रुग्णसेवक म्हणून कूतच्या वेढ्यात होता, तुर्कांच्या कैदेतही. त्याने जपलेल्या टिपणांवरून १९५७ साली 'अभी ले बगदाद' हे पुस्तक निघालं. तो शिकलेला होता, म्हणून राहिलं. आपल्याकडच्या शिपायाला लिहिता येत नव्हतं, त्याने भाकरी लपवली.

बरं, मराठीत या दुखण्याला शब्द नव्हता असंही नाही. धसका. त्याने धसका घेतला. मायर्ससारख्या विद्वानांना सापडत नव्हता तो शब्द माझ्या अडाणी आजीकडे होता. पण वापरायचो कोणासाठी? पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांनी धसका घेतला आणि जून १७६१ मध्ये पर्वतीवर गेले, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. पानिपतावरून चालत परत आलेल्या साध्या शिलेदाराला रात्री काय दिसायचं, हे कुठल्या बखरकाराने लिहिलं? पेशव्याला धसका, शिपायाला बाधा. इंग्रज अधिकाऱ्याला थकवा, शिपायाला हिस्टेरिया. फार फरक नाही.

दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती बरीच सुधारली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिमने लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये एका जखमीमागे १२० आजारी माणसं मागे धाडावी लागत. तिथे डॉक्टरी पुढे, जंगलात न्यायची वेळ आली आणि तिच्यासोबत मानसोपचारवालेही आघाडीजवळ पोचले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज आलं. आज लष्कराकडे स्वतःचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, वॉर्ड आहेत. सगळं वाईटच आहे असं म्हणणारा मी नाही. पण सरकारनेच २०२१ मध्ये राज्यसभेत सांगितलं की आधीच्या सात वर्षांत तिन्ही दलांत मिळून आठशेच्या आसपास आत्महत्या झाल्या, त्यातल्या ५९१ एकट्या लष्करात.

आता वहिनींच्या पिशवीतले कागद. त्याला पंधरा वर्षं भरायच्या आत घरी पाठवलेलं, म्हणजे नोकरीची पेन्शन नाही. बोर्डाच्या कागदावर आजाराचं नाव आहे आणि पुढे एक ठरलेलं वाक्य. आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण म्हणून एकच शब्द, 'कॉन्स्टिट्यूशनल'. म्हणजे मुळातच, जन्मजात, घराण्यात. मी वाचून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भरती करताना तीन डॉक्टरांनी उघडा करून तपासला होता की. तेव्हा नाही दिसलं?"

या बाईने कायद्याचं एक पुस्तक उघडलेलं नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात नेमकं हेच म्हटलंय. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत असताना, सेवेमुळे झाला असं आधी धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि बोर्डाला नुसता शिक्का मारून चालणार नाही, कारणं द्यावी लागतील. मे २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या एका जवानाच्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं, कारणं न देता दिलेलं बोर्डाचं मत टिकणार नाही. २०२३ पासून सरकारने अपंगत्वाच्या भरपाईचे नियम बदललेत, पण ज्यांना त्याआधी घरी पाठवलं त्यांना जुने नियम लागू होतात. साधारण अट अशी की अपंगत्व किमान २० टक्के धरलेलं असावं. वहिनींच्या कागदावर ३० आहे.

शंभर वर्षांपूर्वी इंग्रज डॉक्टरही शेल शॉकच्या माणसाबद्दल घराण्याचा दोष काढायचे. इंग्रज गेले, देवळालीला आता आपलं तोफखान्याचं स्कूल आहे, तो एक शब्द मात्र बोर्डाच्या कागदावर राहिलाय.

सोमवारी मी आणि वहिनी पुण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहोत. तिथून पुढे अपील, लागलंच तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. वेळ लागेल. आपल्या तालुक्यात आणखी कुणाकडे असा, त्याच वाक्याचा कागद असेल तर मला खासगीत सांगा, गाडीत जागा आहे. ज्याला बोलावंसं वाटतंय पण घरात बोलता येत नाही त्याच्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. डिसेंबर २०२३ पासून सैनिकांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्येच सुरू झालाय.

दुसरी विनंती इतिहासासाठी. कुणाच्या घरात बसऱ्याला, फ्रान्सला, ब्रह्मदेशात गेलेल्या माणसाचं डिस्चार्जचं पुस्तक, मेडल, फोटो, काहीही असेल तर फोटो काढून पाठवा. कागद नसला तर घरात काय सांगायचे ते पाठवा. झोपत नव्हता, बोलत नव्हता, विहिरीजवळ जात नव्हता, काहीही. गावाच्या पाटीचा फोटोही चालेल, गावाचं नाव तेवढं लिहा.

तो व्हिडिओ मी ग्रुपवरून काढायला सांगितला. ज्याने टाकला त्याने काढला, वाद घातला नाही. माझा हसरा चेहरा तिथेच राहिला होता, तो मी काल काढला. खाणवाल्यांशीही बोललोय. सुरुंग उडवायच्या आधी अर्धा तास वहिनींना फोन करतो म्हणालेत. गेल्या आठवड्यात दोनदा केला, एकदा विसरले.